घर सोडून गेलेल्या माणसांच्या कादंबऱ्या वाचा, इंग्रजी शब्द आपोआप पक्के होतात

आमच्या इकडं दहावी-बारावीचे, पोलीस भरतीचे, एमपीएससीचे पोट्टे इंग्रजी शब्द कसे पाठ करतात तं यादी घेऊन. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ, सकाळी पाठ करायचं आणि संध्याकाळी विचारलं की अर्धे गायब. मेहनत खरी असते त्यांची, पण यादीतल्या शब्दाला ना घर ना दार, तो डोक्यात टिकणार कुठं? म्हणून मी आमच्या अभ्यासिकेतल्या पोरापोरींना एकच सांगून राहिलो, की गोष्टी वाचा, आणि त्यातही देश सोडून दुसरीकडं संसार मांडलेल्या कुटुंबांच्या कादंबऱ्या वाचा.

हेच काहून? कारण त्या पुस्तकात घडते काय तं भाड्याची खोली, पगार पुरवून पुरवून वापरणं, पोराच्या शाळेतली मीटिंग आणि मायला तिथली भाषा न येणं, गावाकडून रात्री अवेळी आलेला फोन, पोरीच्या लग्नाची काळजी. यातली कोणती गोष्ट आपल्याला नवीन आहे सांगा. दारव्हा-दिग्रसकडची कितीतरी घरं पुण्याला कंपनीत गेली, गडचिरोलीत मुलचेऱ्याकडं बंगाली निर्वासितांची गावं आहेत, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. जगणं ओळखीचं असलं की शब्द अनोळखी असला तरी त्याचा अंदाज लागते. चोर-पोलीसवाल्या किंवा जादूच्या पुस्तकात तसं होत नाही, तिथं शब्दही नवा आणि दुनियाही नवी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. स्टीफन क्रॅशन नावाचे भाषा शिकण्यावर काम केलेले अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी नॅरो रीडिंग म्हणून एक गोष्ट मांडली, म्हणजे सुरुवातीला दहा विषयांचं थोडं थोडं वाचण्यापेक्षा एकाच विषयाचं किंवा एकाच लेखकाचं भरपूर वाचायचं. का, तं तेच तेच शब्द पुन्हा भेटतात. रेंट, लँडलॉर्ड, रिलेटिव्ह, ॲक्सेंट, होमसिक, चोअर्स, शिफ्ट हे शब्द या कादंबऱ्यांमध्ये इतक्यांदा येतात की पाठ करायची गरजच राहत नाही.

आता पुस्तक कोणतं घ्यायचं. मधलं कोणतंही पान उघडा आणि अजिबात न कळणारे शब्द मोजा. साध्या पुस्तकाच्या पानावर साधारण तीनशे शब्द असतात, आणि पॉल नेशन यांच्यासारखे शब्दसंग्रहाचे अभ्यासक म्हणतात की आधाराशिवाय नीट समजायचं असेल तं १०० पैकी ९८ शब्द माहीत पाहिजेत. म्हणजे पानावर पाच-सहा अडले तं चालते. दहा-बाराच्या वर गेले तं ते पुस्तक सध्या ठेवून द्या, पुढच्या वर्षी घ्या, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. इंग्रजी फारच कच्चं असेल तं आधी ऑक्सफर्ड बुकवर्म्सची छोटी पुस्तकं घ्या, त्यात स्टेज १ ला ४०० मूळ शब्द, स्टेज ३ ला १०००, स्टेज ६ ला २५०० असे टप्पे आहेत.

त्यानंतर माझी पसंती म्हणजे थान्हा लाय यांचं 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन', २०११ चं. १९७५ साली व्हिएतनाममधलं सायगॉन सोडून अमेरिकेत अलाबामाला गेलेल्या दहा वर्षांच्या पोरीची गोष्ट आहे, पूर्ण पुस्तक छोट्या छोट्या ओळींच्या कवितांमध्ये. एका ओळीत चार-पाच शब्द, त्यामुळं डोळे थकत नाहीत, आणि ती पोरगी स्वतःच इंग्रजी शिकताना नियमांवर चिडते, आमच्या पोरांना ते लय आपलं वाटते. मग केली यांग यांचं 'फ्रंट डेस्क', २०१८ चं, कॅलिफोर्नियातलं मोटेल सांभाळणारं चिनी कुटुंब. दुकान, गिऱ्हाईक, चाव्या, पैसे, तक्रार, अर्ज, सगळे रोजच्या कामाचे शब्द त्यात मिळतात. झुम्पा लाहिरींचं 'द नेमसेक', २००३ चं, ते तिसऱ्या नंबरला घ्या, त्याची वाक्यं लांब आहेत.

वाचायचं कसं ते 'द नेमसेक'च्या पहिल्याच प्रसंगावरून दाखवतो. १९६८ साल, अमेरिकेतलं केंब्रिज गाव, आशिमा नावाची कलकत्त्याची बाई, दिवस भरत आलेले, स्वयंपाकघरात उभी राहून एका भांड्यात राइस क्रिस्पीज, शेंगदाणे आणि कापलेला लाल कांदा कालवून राहिली. मीठ, लिंबू, हिरवी मिरची टाकते आणि मनात म्हणते, मोहरीचं तेल असतं तं. आता आपल्याकडचा माणूस हे वाचताना थांबतच नाही! मुरमुरे, फल्लीदाणे, कांदा, कच्चं तेल, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर, हा तं आपला कच्चा चिवडाच झाला. राइस क्रिस्पीज म्हणजे काय हे डिक्शनरीत पाहायची गरज आहे का? त्याच परिच्छेदात पुढं या कालवलेल्या प्रकाराला लेखिका कन्कॉक्शन म्हणते. समोर भांडं आहे, आत चार-पाच जिनसा कालवलेल्या आहेत, म्हणजे हा शब्द कशात काय मिसळून तयार केलेल्या पदार्थासाठी असणार. लागला अंदाज. पुढं अप्रॉक्सिमेशन येते. बाई कलकत्त्याच्या फुटपाथवर मिळणारा खाण्याचा प्रकार आठवून राहिली, पण हातात तसं सामान नाही, म्हणजे हे त्याच्या जवळपास जाणारं, हुबेहूब नाही. गणितात हा शब्द पोरांनी ऐकलेला असते, पण तो खाण्याच्या पदार्थालाही लागतो हे त्यांना तिथं पहिल्यांदा कळते, आणि मग तो विसरत नाहीत.

तं पद्धत अशी. आधी एक प्रकरण न थांबता वाचा, डिक्शनरी आणि मोबाइल दोन्ही दूर ठेवा. अडला शब्द की पेन्सिलची बारीक खूण करून पुढं जा, आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तं खूण करू नका हो, पान नंबर टाकून चिठ्ठीवर शब्द लिहा. प्रकरण झालं की मागं या आणि प्रत्येक शब्दाचा अंदाज स्वतः लिहा, मगच डिक्शनरी उघडा. अंदाज चुकला तरी फायदा आहे, कारण चुकलेला अंदाज आणि खरा अर्थ दोन्ही सोबत लक्षात राहतात.

सगळे शब्द वहीत उतरवू नका. जो शब्द दोन-तीनदा आला, किंवा ज्याच्यावाचून प्रसंग कळत नाही, तेवढाच घ्या. ओळखीच्या शब्दांकडंही लक्ष ठेवा. कर्फ्यू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पोलीस आणि बंद रस्ते येतात, पण या कादंबऱ्यांत बाप पोरीला कर्फ्यू लावतो, म्हणजे रात्री अमुक वाजता घरात पाहिजे. ग्राउंडेड म्हणजे शिक्षा म्हणून बाहेर जाणं बंद. असे शब्द परीक्षेतल्या उताऱ्यात बरोबर फसवतात.

वहीत अर्थ लिहून थांबू नका, आपल्या घरचं एक वाक्य लिहा. हँड-मी-डाउन हा शब्द असेल तं मोठ्याचा शर्ट लहान्याने घातल्याचं, थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी असेल तं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आजीचं. वाक्य खरं पाहिजे, बनवलेलं नको. आमच्याकडच्या एका पोरीनं होमसिकसाठी लिहिलं होतं की भाऊ पुण्याला होमसिक आहे म्हणून माय त्याला दर महिन्याला एसटीनं ठेसा पाठवते. ठेसा सकट लिहिलं तिनं, मी बदलू दिलं नाही.

मग ती वही दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, आठवड्यानं आणि महिन्यानं चाळा, अर्थ झाकून. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ सालीच दाखवून दिलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरते आणि मग हळूहळू, म्हणून पहिली उजळणी लवकर करायची.

दोन गोष्टी सांभाळा. एक, या पुस्तकांत बंगाली, चिनी, स्पॅनिश शब्द मधेमधे येतात, बरेचदा तिरप्या अक्षरात. 'द नेमसेक'मध्ये डाकनाम आणि भालोनाम आहे, म्हणजे घरचं नाव आणि कागदावरचं नाव. वाचताना गोड वाटतात, वाचा, पण ते इंग्रजी म्हणून पाठ करू नका. दुसरं, एमी टॅन यांच्या १९८९ च्या 'द जॉय लक क्लब'सारख्या पुस्तकात चीनमधून आलेल्या आया मोडकं इंग्रजी बोलतात, क्रियापद गळालेलं, काळ चुकलेला. लेखिकेनं ते मुद्दाम तसं ठेवलंय, त्या बाईचा आवाज तसाच आहे म्हणून. त्यातला शब्द घ्या, वाक्यरचना उचलू नका, वाक्यरचना निवेदनातली घ्या.

उच्चाराचं वेगळं पाहावं लागते, कारण वाचून स्पेलिंग येते, उच्चार येत नाही. वहीत घेतलेला प्रत्येक शब्द मोबाइलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबून एकदा ऐका आणि मोठ्यानं म्हणा. शाळेत कोणी हसलं म्हणून तोंडात पुटपुटणारे पोट्टे मी पाहिलेत, त्यांना घरी म्हशीपुढं म्हणा सांगतो, पण म्हणा.

पुस्तक मिळत नाही ही अडचण खरी आहे. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, राज्यात १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे आणि मान्यता असलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते, त्यातून दरवर्षी पुस्तकं घेतली जातात. तीन-चार जणांनी मिळून लेखी मागणी दिली तं ग्रंथपाल बहुतेक ऐकतात, मात्र मागणीत पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव नीट लिहा. नागपूरला जाणं झालं तं जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधा. एकच प्रत असेल तं एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, झडीच्या दिवसांत शेताची कामं थांबली की आमच्याकडं असंच चालते.

रोज अर्धा तास पुरे आहे. कापूस वेचणीच्या हंगामात तेवढंही जमत नाही, तेव्हा नवीन प्रकरण घेऊ नका, वहीच चाळत राहा. पहिलं पुस्तक संपलं की शक्यतो त्याच लेखकाचं दुसरं घ्या, लाहिरींच्या बाबतीत कथासंग्रह आहेत, एकेक कथा दोन-तीन बैठकीत होते. आणि त्याच्या पहिल्या पानावर अडलेले शब्द मोजून वहीच्या कोपऱ्यात तारीख टाकून लिहून ठेवा, पुढच्या पुस्तकाला पुन्हा मोजायला कामी येते.