फेझच्या जुन्या गावात रियाद बुक केलाय? मग या चुका टाळा

मोरोक्कोला माझं येणंजाणं असतं म्हणून फेझला निघालेले लोक आधी मला रियादच्या, म्हणजे जुन्या वाड्यातल्या गेस्टहाउसच्या, चौकातल्या कारंज्याचा फोटो पाठवतात, "कसलं भारी आहे ना", आणि मग पोचल्याच्या रात्री रडका फोन करतात. मधल्या दिवसांत रियादवाल्याने व्हॉट्सॲपवर दोन-चार मेसेज टाकलेले असतात, ते कोणी वाचलेले नसतात. निम्म्या भानगडी तिथेच सुरू होतात, म्हणून आधी तेच.

दारापर्यंत टॅक्सी येईल असं समजणं

नाही येत. फेझच्या मदिनात, म्हणजे जुन्या गावात, गाड्याच नाहीत, सामान खेचरावर नाहीतर हातगाडीवर. टॅक्सी तुम्हाला एखाद्या वेशीपाशी किंवा पार्किंगला सोडणार, आणि कुठल्या वेशीपाशी सोडणार यावर तुमची रात्र कशी जाणार ते ठरतं.

माझ्या मामेभावाचंच सांगते. सोबत वहिनी, काका-काकू, चाकांच्या मोठ्या बॅगा, आणि विमान रात्रीचं. रियादवाल्याने स्पष्ट कळवलं होतं की ऐन अझलितेनच्या पार्किंगला उतरा, आमचा माणूस हातगाडी घेऊन उभा असेल. या महाशयांनी तो मेसेज उघडलाच नाही, कारण "मॅप आहे की", आणि टॅक्सीवाल्याला सांगितलं बाब बू जलूद, म्हणजे ती प्रसिद्ध निळी वेस, का तर फोटोत तीच पाहिलेली. तिथून तलाआ सगीरा नावाच्या गल्लीने उतरत गेले, बॅगांची चाकं दगडांवर खडखड, आणि मॅपवरचा निळा ठिपका उंच भिंतींमुळे एका गल्लीतून दुसरीत उड्या मारतोय. शेवटी मॅप म्हणाला पोचलात. समोर कोरी भिंत! रियाद भिंतीच्या पलीकडे, पण पलीकडे जायला वाट शेजारच्या दर्बातून, म्हणजे तिथल्या बंद गल्लीतून. मग एक पोरगा आला, "मी दाखवतो" म्हणाला, बराच फिरवला आणि भलत्याच गेस्टहाउसच्या दारात उभं करून २०० दिरहम मागायला लागला. वहिनीने मला फोन केला तेव्हा तिथे साडेअकरा आणि इथे पुण्यात पहाटेचे चार. मी एवढंच म्हटलं, अगं रियादला फोन लाव. लावला, आणि दहा मिनिटांत माणूस हजर. बिचारा तोवर ऐन अझलितेनला हातगाडी घेऊन ताटकळत उभा होता.

पिकअपचे पैसे वाचवू नका हो. विमानाचं तिकीट काढतात हजारोंचं आणि इथे दोन माणसांच्या चहाफराळाइतक्या पैशांवरून घासाघीस. मी तर रात्रीचं पोचणंच टाळते, उजेडी पोचले की पहिल्यांदा दारापासून मुख्य रस्त्यापर्यंतची वळणं मोबाईलवर शूट करून ठेवते, परत येताना उलटी बघायची. आणि अगदीच हरवलात तर उतार बघा. गाव खोलगट आहे, खाली उतरत गेलात की ८५९ साली बांधलेली करावीयीन मशीद आणि र्सीफ चौक, वर चढत गेलात की बू जलूद. भर बाजारात मागून "बालाक!", म्हणजे "बाजूला व्हा", ऐकू आलं तर फोटो सोडा आणि भिंतीला चिकटा, खेचर थांबत नाही.

हॉटेल समजून वागणं

रियाद म्हणजे घर. आपल्या जुन्या वाड्यासारखं, बाहेरून कोरी भिंत आणि सगळ्या खिडक्या आतल्या चौकाकडे. म्हणजे चौकात बसून स्पीकरवर व्हिडिओ कॉल केलात की सगळ्या खोल्यांना तुमच्या सासूबाईंची तब्येत कळते. तळमजल्याच्या खोल्यांना उजेड कमी आणि आवाज जास्त, वरच्या खोल्यांना जिना, तोही अरुंद, उंच पायऱ्यांचा, लिफ्ट विसरा. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर बुक करतानाच तळमजला मागा, तिथे जाऊन भांडू नका. बाथरूमला नीट दार आहे का हेही विचारून घ्या, काही ठिकाणी नुसता पडदा असतो. लाज वाटते विचारायला, पण नंतर जास्त वाटते.

पोचल्यावर पुदिन्याचा चहा येतो तेव्हा बसा. यजमान नकाशावर पेनाने खुणा करून सांगतात, कुठली वाट रात्री टाळायची, एटीएम कुठे, आणि आपली मंडळी "वायफाय पासवर्ड?" विचारून पसार! पासपोर्ट मागतात तो पोलिसांच्या फॉर्मसाठी, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

जेवण आयत्या वेळी मागणं

रात्री आठला "आता ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेलं कालवण) मिळेल का" विचारून तोंड वाकडं करणाऱ्यांना काय म्हणावं. बाई सकाळी बाजारात जाऊन सामान आणते, ताजीन मंद आचेवर तासन्‌तास शिजतं. नाश्त्यालाच सांगून टाका. शाकाहारी असाल तर "व्हेज" एवढ्यावर भागत नाही, भाज्यांचं ताजीनही मटणाच्या रश्श्यात शिजलेलं असू शकतं आणि हरीरा सूपमध्ये बहुतेकदा मांस असतं, तेव्हा मांसही नको आणि रस्साही नको असं दोन्ही सांगा. झालूक, म्हणजे वांग्या-टोमॅटोचं भरीत, आणि बिसारा, बाकल्याच्या डाळीचं दाट सूप, यांवर मस्त निभतं. शुक्रवारी कुसकुस, म्हणजे वाफवलेले रव्याचे बारीक दाणे, मागा, त्या दिवशी घरोघरी तेच असतं.

बाकीचं पटापट

जानेवारीत "आफ्रिका आहे, गरमच असणार" म्हणून नुसते टीशर्ट नेणं. रात्री पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो, वर चौक उघडा, फरशी बर्फ. खोलीत गरम हवेचा एसी आहे का विचारा.

फोटोतला स्विमिंग पूल बघून बुकिंग. तो बहुतेक पाय बुडवण्यापुरता असतो, आणि थंड.

पहाटेच्या अजानीची तक्रार. आजूबाजूला मशिदी आहेत, एकामागून एक अजान होते. कानात बोळे घाला.

"तो रस्ता बंद आहे, इकडून चला" म्हणणाऱ्याचं ऐकणं. रस्ता बंद नसतो, त्याच्या ओळखीचं दुकान उघडं असतं.

रात्री उशिरा परतणार हे न सांगणं. दार आतून बंद होतं, राखणदार झोपतो, त्याला उठवावं लागतं.

आणि कार्डावर विसंबणं. छोट्या रियादमध्ये मशीन नसतं किंवा नेमकं त्या दिवशी चालत नसतं, शिवाय माणशी दर रात्रीचा पर्यटक कर बुकिंगच्या रकमेत बऱ्याचदा धरलेला नसतो, तो निघताना रोख मागतात. दिरहम भारतातून न्यायच्या भानगडीत पडू नका, तिथेच एटीएममधून काढा, आणि मोठ्या नोटा पहिल्याच दिवशी मोडून घ्या, हातगाडीवाल्याकडे सुट्टे कधीच नसतात.