३५० ची ५०० करताना: इंजिन उघडण्याआधीची तयारी

रॉयल एनफिल्डच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटला मोठा ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो सिलिंडर, बसवायचा विचार ज्यांच्या डोक्यात घोळतोय, त्यांच्यासाठी ही यादी आहे. गाडी म्हणजे उजव्या पायात गिअर असलेली, ठिणगीसाठी कॉन्टॅक्ट पॉइंटवर चालणारी ३४६ सीसीची बुलेट. नंतर आलेल्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) इंजिनाला यातलं काही लागू पडेल, सगळं नाही. लोक सुरुवात करतात ती पिस्टन विकत घेण्यापासून, आणि तिथेच खर्च फुगतो. माझ्या मते बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवणं हे या कामातलं शेवटचं काम आहे. त्याआधी खालचा क्रँक (पिस्टनची वर-खाली धाव फिरतीत बदलणारा भाग), तेल, क्लच आणि ब्रेक त्या ताकदीला पुरे पडले पाहिजेत, आणि या सगळ्याच्या आधी कागद.

तेव्हा पहिल्यांदा आरसी बुक काढा. त्यावर सीसीचा आकडा छापलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ कलमात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. विम्याची गोष्ट त्याहून गंभीर. थर्ड पार्टीच्या हप्त्याचे टप्पे सीसीवर ठरतात आणि त्यातली एक रेघ नेमकी ३५० वर आहे. २०२२ च्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीला वर्षाला १३६६ रुपये, त्यापुढे २८०४. प्रश्न या फरकाचा नाही. ३४६ चा विमा काढून ४९९ ची गाडी चालवताना कोणाला धक्का लागला, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात तुम्ही उघडे पडता, आणि समोरच्या माणसाचंही नुकसान होतं.

म्हणून स्पष्ट लिहितो. हे काम ट्रॅकवर पळणाऱ्या किंवा खाजगी आवारात चालणाऱ्या गाडीसाठी करा. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठायचा, तर गाडी टेम्पोत घालून न्यायचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. रोज रस्त्यावर चालवायला पाचशेच हवी असेल, तर कंपनीतून ५०० म्हणूनच निघालेली, तशी आरसी असलेली जुनी बुलेट शोधा. शोधायला वेळ लागतो, पण मिळते.

कागदाचीच आणखी एक गोष्ट. भंगारातून पाचशेचं अख्खं क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात बसतो ते खालचं खोकं, स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. इंजिन नंबर क्रँककेसवरच ठोकलेला असतो. ते कुठल्या गाडीचं, त्या गाडीचं काय झालं, हे सांगणारी पावती आणि कागदपत्रं नसतील, तर चोरीचा माल घरात ठेवल्यासारखंच आहे. ट्रॅकच्या गाडीलासुद्धा ही सूट नाही.

आता हिशेब. आपल्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. स्ट्रोक तोच ठेवून बोअर ८४ केला की ४९९ सीसी होतात, ८७ केला की ५३५. २०१३ च्या कॉन्टिनेंटल जीटीचं माप हे दुसरं, आणि इंग्लंडमधल्या सुटे भाग विकणाऱ्या हिचकॉक्सने जुन्या ५०० बुलेटसाठी ५३५ चं किट काढलं तेही याच मापाचं. पदरात काय पडतं हे पाहायला कंपनीचेच आकडे घ्या. युनिट इंजिनाच्या क्लासिक ३५० ची ताकद १९.८ हॉर्सपॉवर आणि टॉर्क २८ न्यूटन मीटर. क्लासिक ५०० ची २७.२ आणि ४१.३. जीटी ५३५ ची २९.१ आणि ४४. खरी उडी सत्तरवरून चौऱ्याऐंशीला आहे. पुढच्या तीन मिलिमीटरला जेमतेम दोन हॉर्सपॉवर मिळतात, आणि त्यासाठी ब्लॉकची भिंत पातळ होते. एअरकूल्ड इंजिनात पातळ भिंत म्हणजे उष्णतेने बोअरचा आकार बिघडायला आमंत्रण. मी ८४ वर थांबा असंच सांगेन.

टॉर्क ज्या प्रमाणात वाढतो, साधारण त्याच प्रमाणात खालच्या भागांवरचा भार वाढतो, ही गोष्ट या सगळ्या तयारीच्या मुळाशी आहे. ८४ च्या पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ ७० च्या पिस्टनपेक्षा ४४ टक्के जास्त. आतला दाब तेवढाच धरला तरी कनेक्टिंग रॉडवर आणि बिगएंडवर, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगवर, ४४ टक्के जास्त जोर येतो, दर स्फोटाला. आणि आपल्या जुन्या बुलेटचा बिगएंड फ्लोटिंग बुशचा (मोकळ्या फिरणाऱ्या बाहीचा) आहे, जो तेलाच्या थरावर जगतो. म्हणून हेड आणि ब्लॉक उतरवल्यावर रॉड हातात धरून सरळ वर-खाली हलवून बघा. बाजूला थोडा हलला तर चालतो, वर-खाली मात्र अजिबात खेळ नको. जाणवला, तर मोठ्या ब्लॉकचा विषय तिथेच थांबवा आणि आधी क्रँकचं काम करा. इंजिन अर्धं, म्हणजे खालच्या क्रँकपर्यंत उघडून, करायचंच असेल, तर रोलर बेअरिंगचा बिगएंड बसवून घ्या, आणि क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजवर सरळ आहे का ते स्वतः उभं राहून बघा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हे काम मनापासून करणारे लेथवाले आहेत; तुमच्या गावातही असतील. मिस्त्री निवडताना त्याच्याकडे बोअर गेज आणि मायक्रोमीटर आहे का, आणि तो ते वापरतो का, एवढं पाहा. बोटाने चाचपून माप सांगणाऱ्याचा अनुभव कितीही मोठा असो, या कामाला तो पुरत नाही.

तेलाचं बघताना पंप उघडायचाच. या इंजिनात दोन प्लंजर पंप आहेत, एक तेल वर पाठवतो, दुसरा खालचं गोळा करून तेलाच्या टाकीत परत आणतो. पंपाची चकती आणि तिची बैठक यांच्यात ओरखडे पडले की दाब गळतो. काचेच्या सपाट तुकड्यावर बारीक ग्राइंडिंग पेस्टने चकती घासून सपाट करता येते, आणि जास्त तेल देणारे पंपही मिळतात. पाचशेच्या ब्लॉकसाठी मी तो पंप घेण्याच्या बाजूचा आहे. ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट, तीही विसरू नका. पिस्टन मोठा झाला म्हणजे तो खाली येताना क्रँककेसमधली हवाही जास्त ढकलतो. ब्रीदरची नळी चोंदलेली असेल, तर तीच हवा प्रत्येक सांध्यातून तेल बाहेर काढेल, आणि नवे गॅस्केट घालूनही गाडी गळते कशी, हे शोधत तुम्ही बसाल.

पिस्टन घ्यायच्या आधी क्रँककेसचं तोंड मोजा. ब्लॉकचा खालचा गळा त्या तोंडात उतरतो, आणि तीनशेपन्नासचं तोंड सत्तरच्या बोअरला पुरेल एवढं केलेलं असतं. ८४ चा ब्लॉक हातात घेऊन त्याच्या गळ्याचा बाहेरचा व्यास आणि तोंडाचा आतला व्यास यांची मापं वहीत लिहा. तोंड मोठं करायचं, तर स्टडच्या भोकांभोवती किती ॲल्युमिनियम उरेल ते कागदावर काढून बघा. भिंत कागदासारखी पातळ उरत असेल, तर ते क्रँककेस या कामाचं नाही, आणि हे मशीनवर चढवण्याआधी कळलेलं बरं. मशीनवर चढवायचं ते पूर्ण उघडून, बेअरिंगं काढून, धुऊन. ॲल्युमिनियमचा एक किस बिगएंडमध्ये गेला तर आधीचा सगळा खर्च पाण्यात. जोडताना स्पार्क प्लग न लावता क्रँक हाताने सावकाश फिरवून बघा: पिस्टन सर्वात खाली असताना त्याचा स्कर्ट (खालची कड) क्रँकच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, घासत तर नाही ना.

पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून वजन करा, जुन्याचं आणि नव्याचं. सोनाराच्या काट्यावर होतं हे काम. नवा बराच जड निघाला, तर क्रँकचा बॅलन्स बिघडणार आणि हँडल, फूटरेस्ट, टाकी सगळं थरथरणार. तो फरक फ्लायव्हीलवर काम करून जुळवावा लागतो. क्रँक बाहेर आहे तोवरच हे उरकायचं.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त इंजिनं गेली असतील ती: तीनशेपन्नासचं हेड तसंच ठेवणं. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचं प्रमाण, साडेसात-आठच्या आत असलेलं हे इंजिन. धरा, तुमचा ७.२५ आहे. म्हणजे ३४६ सीसीला वरची जागा साधारण ५५ घनसेंटिमीटर. तीच जागा ठेवून खाली ४९९ केले तर रेशो थेट दहावर जातो. लोखंडी ब्लॉकच्या, हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनाला मे महिन्याच्या उन्हात दहा झेपत नाही. चढावर ठकठक ऐकू येईल, आणि ती ठकठक पिस्टनचं डोकं खाते. शिवाय चौऱ्याऐंशीच्या बोअरवर सत्तरचं हेड बसत नाही, ते वेगळंच. हेड पाचशेचंच घ्या, आणि घेतल्यावरही जागा मोजा. व्हॉल्व्ह आणि प्लग लावलेलं हेड उलटं ठेवायचं, तोंडावर ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबायची, आणि औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने रॉकेल सोडत मोजायचं. त्यात गॅस्केटची जाडी मिळवा, पिस्टनचा फुगवटा वजा करा. रेशो साडेसातच्या आसपास ठेवा. दोन हॉर्सपॉवर कमी पडतील, पण इंजिन टिकेल.

कार्ब्युरेटरचं काम पेट्रोलपासून सुरू होतं. तीनशेपन्नासला २४ मिलिमीटरचा मिककार्ब कार्ब्युरेटर यायचा, पाचशेला २८ चा. लहान कार्ब्युरेटरवर मोठं इंजिन चालेल, पण वरच्या वेगात त्याचा दम कोंडेल. शिवाय आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण आपोआप पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे गरम पिस्टन. म्हणून मेन जेटचे वरचे दोन-तीन आकार आधीच आणून ठेवा. मोठ्या जेटपासून सुरू करून खाली या, उलट कधीही नको. पेट्रोलची नळी, कॉकचा वॉशर, फ्लोट बाऊलचं गॅस्केट हे सगळं नवं घाला. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि तडकतं. पुण्याच्या नाना पेठेत हे किरकोळ सामान एका फेरीत मिळतं.

क्लचच्या प्लेटा जाडीला मोजा, स्प्रिंगा लांबीला मोजा, आणि एकही कमी भरली तर सगळा सेट बदला. प्रायमरी चेन ढिली असेल तर तीही. पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दात मोठं घेतलं की वाढलेला टॉर्क कामी येतो आणि इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं. जुन्या बुलेटचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे त्याचा आकडा चुकत नाही.

ब्रेकबद्दल मात्र हयगय नको. सहा इंची सिंगल लीडिंग शूचा (दोनपैकी एकच शू पूर्ण जोराने पकडणारा) पुढचा ड्रम तीनशेपन्नासलाही कसाबसा पुरतो. पाचशेला कंपनीने सात इंची ट्विन लीडिंग शू दिला होता, निदान तो तरी लावा. डिस्क बसवलीत तर फोर्क, हब आणि मास्टर सिलिंडर एकाच गाडीचे घ्या. पैसे अपुरे असतील तर क्रम असा ठेवा: या वर्षी ब्रेक, पुढच्या वर्षी ब्लॉक. हा क्रम उलटा करू नका, कितीही मोह झाला तरी. मोठं इंजिन गाडीला ज्या वेगात नेऊन सोडतं, तिथून ती थांबवायचं काम ब्रेकचंच आहे.

इग्निशनमध्ये ऑटो ॲडव्हान्सचे वजनी तुकडे आणि स्प्रिंगा मोकळ्या हलतात का ते बघा. टायमिंग पुढे असेल तर मोठं इंजिन किक मारताना पाय उलटा फेकतं, घोटा मुरगळेल इतक्या जोराने. किक हलकी व्हावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेसरची केबल आणि व्हॉल्व्ह ठीक करून ठेवा, आणि अमीटरचा काटा मध्यावर आल्यावर लिव्हर दाबून पिस्टन जरा पुढे न्यायची सवय पुन्हा करा. पुशरॉड थंड इंजिनात बोटांनी मोकळा फिरेल पण वर-खाली हलणार नाही, एवढाच लावायचा. नवं गॅस्केट घातलं की ही उंची बदलते. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा कसायचे आणि पुशरॉड पुन्हा बघायचे. पहिलं तेल लवकर बदला. काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून त्यात काय चमकतंय ते पाहा.

आणि सत्तरचा ब्लॉक, त्याचं हेड, पिस्टन, २४ चा कार्ब्युरेटर विकू नका. तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर मापं लिहून ठेवा. मात्र क्रँककेसचं तोंड एकदा मोठं केलंत की सत्तरचा ब्लॉक पुन्हा बसवायला बाही करून घ्यावी लागेल, तिचं माप लेथवाल्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या. आरसीवर अजून ३४६ च आहे, आणि ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ती याच भागांवर.