‘पाणीच असेल’ म्हणू नका! शाळेतल्या घातक वस्तूंबाबत या चुका टाळा

एप्रिलमधली दुपार. वार्षिक परीक्षा चालू, बाहेर पारा 42 च्या पुढं. आमच्या शिपाईमामांनी प्रयोगशाळेच्या खिडकीतली पाण्याची बाटली उचलली, तोंडाला लावली आणि घोट तसाच थुंकून टाकला. बाटलीत विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. काचेची बाटली तडकली म्हणून आदल्या दिवशी मीच ते त्यात ओतलं होतं. लेबल उद्या लावू, असं मनाशी म्हटलं होतं. विरळ होतं म्हणून जीभ-ओठ पोळण्यावर निभावलं. मामा आठ दिवस ताकभातावर होते आणि मी तोंड लपवत होतो.

त्यानंतर जिथं जिथं नोकरी केली, तिथं मी आधी बाटल्या आणि डबे बघायला लागलो. ॲसिडच्या मूळ बरणीला सगळे बिचकूनच असतात. घात करते ती भलत्या डब्यात गेलेली वस्तू.

डबा धुऊन घेतला की झालं?

नाही झालं. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून 23 मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे शेतीवर फवारायचं कीटकनाशक निघालं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांमुळं औषधाचे रिकामे कॅन गावोगाव पडलेले असतात. चांगलं झाकण, मजबूत मूठ, फेकवत नाही. तोच कॅन पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात तेलाला येऊ शकतो. आला तर मावशींना रागावू नका, त्यांना आजच नवा डबा आणून द्या. कॅनला मात्र आधी भोकं पाडा, नाहीतर तो आठवड्यात दुसऱ्या कोपऱ्यात पाणी भरून उभा दिसेल.

निळ्या पिंपाचं तसंच. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं शाळेला पिंप लागतंच आणि भंगारात ते स्वस्त मिळतं. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सूतगिरण्या, रंगखाने, टॉवेल-चादरींचे कारखाने असलेलं गाव आपलं; रंग, कॉस्टिक, ब्लीच अशाच पिंपांतून येतं. प्लास्टिक ते थोडं पिऊन घेतं आणि ऊन लागलं की सोडत बसतं. पिंप दारात आलं की खरवडलेल्या लेबलचा डाग, कवटीचं किंवा ज्वाळेचं चिन्ह, बुडाशी रंगाची कड शोधा. मग झाकण लावून तासभर उन्हात ठेवा आणि झाकण उघडल्यावर काही वास येतो का ते लांबूनच बघा. यातलं एकही सापडलं तर ते पिंप आग विझवायच्या वाळूला द्या. काहीच सापडलं नाही तरी प्यायच्या पाण्याला ते नकोच. तिथं नवीन, खाण्याच्या वस्तूंसाठीचं पिंप घ्या.

आता लेबल. बॉलपेनची शाई ॲसिडच्या वाफेनं दोन महिन्यांत उडते, पेन्सिलीचं अक्षर टिकतं. वर पारदर्शक टेप मारा. आणि फक्त इंग्रजीत लिहू नका. आपल्याकडं एकाच आवारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू वाचणारी माणसं असतात आणि बाटली हलवणारा बहुतेक वेळा विज्ञानाचा शिक्षक नसतोच. मी लेबलवर लाल रंगाचा ठिपका द्यायचो आणि हाताच्या पंजाचं चित्र काढून त्यावर फुली मारायचो. एकदा चित्रकलेच्या बाईंनी त्याला हसून नावं ठेवली, पण कुणाची चूक झाली नाही.

टीसीएल आणि ॲसिड एका मोरीत

टाकीत टाकायची टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि संडास धुवायचं ॲसिड बहुतेक शाळांत शेजारी-शेजारी असतं. फरशी निघत नसली की दोन्ही एकत्र ओतली जातात. “डबल साफ होतंय की सर,” असं मला एका मावशींनी सांगितलं होतं. डबल काही होत नाही, क्लोरीन वायू निघतो. 1915 साली बेल्जियमच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच. बंद मोरीत थोडासाही पुरतो.

डोळे चुरचुरले, घसा धरला, खोकला थांबेना, की बादली उचलायच्या फंदात पडू नका. आधी बाहेर या, दार सताड उघडं ठेवा, मुलांना त्या बाजूच्या वर्गातून हलवा. ज्याला खोकला लागलाय त्याला बरं वाटलं तरी सिव्हिलला दाखवा. फुप्फुसाला सूज काही तासांनीही येते. आणि दुसऱ्या दिवशी टीसीएल एका खोलीत, ॲसिड दुसऱ्या. एकाच कपाटाचा वरचा-खालचा कप्पा चालत नाही.

टीसीएलची दुसरी तक्रार म्हणजे “पावडर टाकूनही काही होत नाही.” ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली उघडं पोतं ठेवलं की तो भराभर उडतो, मग माणसं अंदाजानं दुप्पट टाकतात. पोतं लहान घ्या, सावलीत कोरडं ठेवा, रॉकेल-तेलापासून लांब. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरची निवळीच टाकीत टाका. पाण्यातला क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट करून पिवळं झालेलं पाणी गटारात टाका; ते औषध पोटात जाण्यासारखं नाही.

तांदळातल्या गोळ्या

पोषण आहाराच्या तांदळाला किडे लागले म्हणून पोत्यात गोळ्या टाकू नका. त्यातलं ॲल्युमिनियम फॉस्फाइड हवेतल्या दमटपणानं फॉस्फीन सोडतं, तो वायू माणसालाही किड्याइतकाच मारतो. तांदूळ उन्हात टाका, चाळा. स्टोअरमध्ये गोळ्या सापडल्या तर खोली बंद करून मुख्याध्यापकांना सांगा. स्वतः उचलू नका, पाणी तर अजिबात मारू नका.

जूनमध्ये कुलूप उघडताना

दीड महिना बंद असलेली प्रयोगशाळा उघडली की आपला हात आधी पंख्याच्या बटणाकडं जातो. तो आवरा. खिडक्या आधी, बटण नंतर. आत स्पिरिटची वाफ साठलेली असू शकते आणि ती बटणाच्या ठिणगीनं पेटते.

मग कपाट. ए-बी-सी-डी प्रमाणं लावलेली रसायनं ऑडिटला छान दिसतात, पण त्या क्रमानं ॲसेटिक ॲसिड आणि अमोनिया शेजारी येऊ शकतात. आम्लं एकीकडं, आम्लारी दुसरीकडं, स्पिरिट-ईथर तिसरीकडं. बाटल्यांच्या तोंडाशी पांढरी पूड धरली असेल तर अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक बंद कपाटातून एकमेकांना भेटलेत असं समजा. सोडियमच्या बाटलीत रॉकेल किती उरलंय ते बघा. उन्हाळ्यात ते उडतं. तुकडा उघडा पडला असेल तर रॉकेल भरा आणि मुलांच्या हाती देऊ नका. बेसिनमध्ये टाकून तो नाहीसा होत नाही, भडका होतो.

ज्युनिअर कॉलेज असेल तर पिक्रिक ॲसिड आणि डीएनपी (डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिन) शोधा. ही रसायनं ओली असेपर्यंत ठीक, सुकली की स्फोटक. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये जुन्या डीएनपीसाठी शेकडो शाळांत बॉम्बनाशक पथकं जावी लागली होती. झाकणाच्या आट्यांत पिवळे खडे दिसले तर झाकण पिळू नका, बाटली हलवूही नका. खोलीला कुलूप घाला आणि पोलिसांना फोन करा. वेडेपणा वाटेल, वाटू द्या.

‘निर्लेखन कोण करणार?’

निर्लेखन म्हणजे जुनी वस्तू रजिस्टरवरून रीतसर कमी करणं. ते कोण करणार, यापायी पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाटल्या कपाटात जपल्या जातात. रजिस्टरवर आहे, फेकलं तर ऑडिटला काय दाखवायचं? म्हणून कुणीतरी गुपचूप बेसिनमध्ये ओततं किंवा घंटागाडीत टाकतं. दोन्ही नको. यादी करा, व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या कार्यालयाला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत बाटल्या प्लास्टिकच्या घमेल्यात, बंद खोलीत. नाव गेलेली बाटली हुंगून ओळखायची हौस ठेवू नका. “अनोळखी” लिहून तारीख टाका.

फुटलेल्या थर्मामीटरचा पारा झाडूनं लोटू नका, थेंब बारीक होऊन फटीत जातात. जाड कागदानं गोळा करून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा. विज्ञान प्रदर्शनातला तो नारिंगी ज्वालामुखी, अमोनियम डायक्रोमेटचा, बंद करा. ती पूड कर्करोगाला आमंत्रण देते. सोडा आणि व्हिनेगरचाही ज्वालामुखी मुलांना आवडतो.

ॲसिड उडालं आणि नळ कोरडा

अंगावर ॲसिड उडालं तर कपडे काढून वीस मिनिटं वाहतं पाणी. वर सोडा, हळद, टूथपेस्ट काही नको. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ पाणी, मग 108. हे सगळ्या पुस्तकांत असतं. पुस्तकात नसतं ते हे, की पाण्याचा वार उद्या आहे आणि आज टाकीत ठणठणाट आहे. म्हणून प्रयोगशाळेचं पिंप वेगळं हवं: उंचावर, खाली तोटी, निदान दोनशे लिटर. आमच्या पिंपावर “हात धुवायला नाही” असं ऑइलपेंटनं लिहिलं होतं. तरी मुलं धुवायचीच. मग दर सोमवारी ते भरलेलं आहे का हे बघायचं काम मी त्याच शिपाईमामांकडं दिलं. त्यांनी ते एकदाही चुकवलं नाही.