माणसाचं शरीर काढायला शिकताय? पुस्तक असं निवडा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं ड्रॉइंगच्या लोअर-हायर परीक्षा देतात आणि चित्रकलेची खरी ओढ लागली की अ‍ॅनाटॉमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या, पुस्तकाच्या शोधात लागतात. ऑनलाइन ढीगभर नावं दिसतात. दोनच घ्या: एक शरीराची बांधणी समजावणारं, दुसरं हाडं-स्नायू नीट दाखवणारं.

बांधणीसाठी नवशिक्याने अँड्र्यू लूमिसचं ‘फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ’ (१९४३) घ्यावं. त्यातला आठ डोक्यांच्या उंचीचा, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या आठपट उंच, माणूस आदर्श मापाचा आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण साडेसातच्या आसपास भरतात. जॉर्ज ब्रिजमनचं ‘कन्स्ट्रक्टिव्ह अ‍ॅनाटॉमी’ (१९२०) मला फार आवडतं, पण हात थोडा बसल्याशिवाय त्यातल्या झपाट्याच्या रेषा उलगडत नाहीत. हाडं-स्नायूंसाठी पॉल रिशे या फ्रेंच डॉक्टरचं ‘आर्टिस्टिक अ‍ॅनाटॉमी’ हे मूळ १८९० चं पुस्तक पाहा.

दुसरं कुठलंही पुस्तक हाती आलं, तर घेण्याआधी दोन पानं तपासा. पहिलं कोपराखालच्या हाताचं. तळहात समोर असताना तिथली दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. तळहात मागे वळवला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरकं जातं आणि हाताचा सगळा आकार पालटतो. दुसरं पान खांद्याचं. हात सरळ डोक्यावर नेताना होणाऱ्या १८० अंशांपैकी साधारण ६० अंश पाठीवरच्या पात्याच्या फिरण्यातून येतात. पुस्तकात या दोन्ही हालचाली दाखवलेल्या नसतील, नुसता ताठ उभा माणूस असेल, तर ते ठेवून द्या.

मेडिकलच्या विद्यार्थ्याने जुनं पुस्तक देऊ केलं तरी त्यावर शिकायला सुरुवात करू नका. नसा, रक्तवाहिन्या, आतडी यांत ते खोल जातं. आपल्याला हवं असतं ते कातडीवर उमटणारं.

पैशांची अडचण असेल, तर भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. ब्रिजमन १९४३ मध्ये गेले, लूमिस १९५९ मध्ये. त्यामुळे या दोघांची पुस्तकं नेटवरून उतरवून घ्यायला हरकत नाही. महत्त्वाची पानं मात्र छापून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो ते दिसत नाही.

आता पुस्तक पडताळून पाहायचं. चित्रकार रवी परांजपे ज्यांच्याकडे शिकले, ते के. बी. कुलकर्णी बेळगावचेच; समोरचं माणूस पाहून काढायची रीत या गावाला नवी नाही. शिवाय आपल्याकडे तालमी आहेत. वस्तादांना विचारून एका कोपऱ्यात बसा आणि जोर मारणाऱ्या पैलवानाची पाठ बघा. छाती खाली येते तेव्हा दोन्ही पाती जवळ सरकतात, मधे खोल घळ पडते. अंग वर रेटलं की पाती फाकतात आणि घळ भरून येते. भराभर काढत राहा. जिथे हात अडला, तेवढंच पान त्या संध्याकाळी उघडा.