ट्रान्सथायरेटिनचा जनुकीय अहवाल कसा वाचावा

ट्रान्सथायरेटिन हे रक्तातून थायरॉक्सिन हे संप्रेरक वाहून नेणारे प्रथिन. त्याच्या अहवालात ‘व्हॅल५०मेट’ (५०व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन) आणि जुन्या लेखांत ‘व्हॅल३०मेट’ दिसल्यास गोंधळू नये. नव्या मोजणीत, प्रथिन तयार होताना कापली जाणारी सुरुवातीची २० अमिनो आम्लेही धरतात, एवढाच फरक. मग प्रोटीन डेटा बँकेतील (प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा खुला संग्रह) या प्रथिनाची रचना उघडावी. अनेक नोंदींत दोनच साखळ्या दिसतात (नवखे इथेच फसतात), म्हणून चार साखळ्यांचा पूर्ण जैविक संच निवडावा, कारण व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन आल्याने ही चौकडीच अस्थिर होते, सुट्या साखळ्यांची घडी बिघडून त्यांचे तंतू नसांमध्ये साचतात आणि बहुधा पावलांपासून बधिरता सुरू होते. थायरॉक्सिन जिथे बसते त्या खोबणीत टॅफामिडिस हे औषध बसवून पाहावे. ते चौकडीला बांधून ठेवते. मात्र हा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही, त्यामुळे निदान न्यूरॉलॉजिस्टकडूनच करून घ्यावे.