मोटरहोमच्या हीटरचा पंखा आवाज करू लागल्यास: दुरुस्तीपूर्वीची तयारी

पुण्यातल्या मोटरहोममधला, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतला, हीटर वर्षाचा बराचसा काळ नुसता पडून असतो. शहरात कडाक्याची थंडी पडली तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि तेवढ्याला रजई पुरते. हीटरची खरी गरज भासते ती गाडी हिमाचल किंवा काश्मीरच्या वाटेला लागल्यावर. मधल्या काळात पावसाळ्याची दमट हवा, रस्त्यावरची धूळ आणि आडोसा शोधणारे किडे यांनी पंख्याचा ताबा घेतलेला असतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास, निघायला निदान तीन-चार आठवडे असताना, हीटर एकदा चालवून पाहावा आणि आवाज येत असल्यास पुढील तयारी करूनच स्क्रू ड्रायव्हर हाती घ्यावा.

पहिली तयारी कानांची आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात. हीटरला नुसती हवा फेकण्याची सोय असेल तर ज्वलन सुरू न करता पंखा सर्वांत कमी, मग मध्यम, मग पूर्ण वेगावर चालवावा आणि प्रत्येक वेगाला मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही हे आठवणीवर सोडू नये. वेगाबरोबर वाढणारी टकटक असेल तर पात्यांना काहीतरी लागत आहे किंवा पात्यांचे चाक भोवतालच्या आवरणाला घासत आहे असे समजावे. थंड असताना चिरका आणि गरम झाल्यावर कमी होणारा आवाज बहुधा कोरड्या पडलेल्या बुशचा (मोटारीचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीचा) असतो. सतत घरघर, विशेषतः पंखा बंद करताना वेग उतरत असताना जाणवणारी, झिजलेल्या बेअरिंगकडे बोट दाखवते. ठरावीक एकाच वेगाला सबंध कपाट घुमू लागले आणि हीटरच्या पेटीवर तळहात दाबताच ते शांत झाले, तर दोष मोटारीत नसून बसवणीत आहे. फक्त कमी वेगावर ऐकू येणारी बारीक शिट्टी अनेकदा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटची असते; ती तेलाने जाणार नाही. डिझेल हीटरच्या इंधन पंपाची टिकटिक तर मुळीच बिघाड नव्हे, तो पंप तसाच चालतो. मात्र ती फरशीतून घुमत असेल तर पंपाखालचे रबर बदलण्यासाठी यादीत लिहून ठेवावे. याच वेळी पंखा चालू असताना त्याच्या जोडणीवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. पंख्यापाशी त्याहून बरेच कमी मिळत असतील तर आधी फ्यूज, जोडण्या आणि अर्थिंग तपासावे.

यानंतर आपला हीटर कोणत्या रचनेचा आहे हे माहितीपत्रकातून निश्चित करावे, कारण घरी काय उघडायचे आणि काय नाही हे त्यावर ठरते. गॅसवर चालणाऱ्या काही हीटरमध्ये गरम हवा फेकणारा पंखा वेगळ्या पेटीत असतो आणि ज्वलनकक्षाला हात न लावता तो सोडवता येतो. लहान डिझेल हीटरमध्ये मात्र बहुधा एकाच मोटारीच्या एका टोकाला केबिनची हवा ओढणारे चाक आणि दुसऱ्या टोकाला ज्वलनासाठी हवा ढकलणारे चाक असते. तिथे बाहेरचे चाक साफ करणे हे घरचे काम. मोटार काढणे म्हणजे ज्वलनाकडची बाजू उघडणे, आणि ती उघडली की गॅस्केट, म्हणजे जोड घट्ट मिटवणारे पातळ अस्तर, नवे घालणे बंधनकारक आहे. नवे गॅस्केट हाती आल्याशिवाय जुने सोडवू नये. गॅसच्या नळ्या किंवा धुराड्याचा जोड सोडवावा लागत असेल तर ते काम जाणत्या तंत्रज्ञाकडेच द्यावे. या बाबतीत घरची हौस कामाची नाही.

सामानाची खरेदी सोपी आहे, फक्त ती एका फेरीत व्हावी असे पाहावे. मल्टिमीटर, फ्यूज, वायरची टोके आणि हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर वायरवर आवळणारी) बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते. रबरी वॉशर, क्लॅम्प, फोम आणि बारीकसारीक हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीला. बेअरिंग व गाडीचे सुटे भाग नाना पेठेत. मोटरहोम घेऊन या गल्ल्यांत शिरण्याचा विचारही करू नये. दुचाकीवर, जुना भाग पिशवीत घालून जावे. बेअरिंग घेताना त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचून दाखवावा, अंदाजाने ‘पंख्याचे द्या’ असे म्हणू नये. उदाहरणार्थ ६०८ म्हणजे आत ८, बाहेर २२ आणि जाडीला ७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण असले तर पुढे झेडझेड, रबरी सील असले तर टूआरएस असे लिहिलेले असते. उष्णतेजवळच्या जागी मूळ बेअरिंगला जे झाकण असेल तेच पुन्हा घ्यावे. घरून मऊ जुना टूथब्रश, रंगाचा छोटा ब्रश, साबणाचे पाणी, टॉर्च, स्क्रू ठेवायला खणांचा डबा आणि मार्कर एवढे जमवावे.

गाडी उघड्यावर, समतल जागी लावावी. हीटर आदल्या तासाभरात चालवला असेल तर तो बटणानेच बंद करून त्याचे गार होण्याचे चक्र पुरे होऊ द्यावे. पंखा अजून फिरत असताना थेट बॅटरी तोडल्यास आतली उष्णता अडकून हीटरचेच नुकसान होते. मग गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, छतावर सोलर पॅनेल असल्यास त्याची जोडणी आधी सोडवावी आणि शेवटी बॅटरीचे ऋण टोक काढून त्यावर कापड गुंडाळावे. फ्यूज तेवढा काढून काम भागते असे मानणारे पुष्कळ आहेत; लोखंडी पाना हातात असताना मला तो धोका पटत नाही.

झाकण काढण्यापूर्वी वायरींचे आणि नळ्यांचे फोटो घ्यावेत. चाकावर पहिली नजर टॉर्चच्या तिरप्या उजेडात टाकावी. पात्यांच्या पोटात धुळीचा करडा थर सगळीकडे सारखा नसतो. दोन-चार पात्यांवरचा थर निघालेला आणि बाकीच्यांवर जमलेला दिसला की कंपनाचे कारण बहुतेक सापडलेच. आपल्याकडे दुसरे कारण हमखास आढळते ते कुंभारीण माशीच्या घरट्याचे: हवा घेण्याच्या तोंडाशी ती बोटाच्या पेराएवढा मातीचा गोळा लिंपते, आणि तो सुकून फुटला की खडे थेट चाकात जातात. म्हणून हवा घेण्याचे व धूर सोडण्याचे दोन्ही पाइप गाडीखाली वाकून तपासण्याची नोंद यादीत असावी. पाती ब्रशने व ओलसर कापडाने पुसावीत. पेट्रोल किंवा थिनर प्लास्टिकला चिरा पाडते. कॉम्प्रेसरची हवा मारायची असल्यास चाक बोटाने धरून ठेवावे, एरवी ते भन्नाट वेगाने फिरून बेअरिंगच संपवते. चाक शाफ्टवरून काढायचेच असेल तर आधी त्याची उंची मोजून खूण करावी, कारण कित्येक डिझेल हीटरमध्ये त्याच चाकातल्या चुंबकावरून सर्किट वेग मोजते आणि अंतर बदलले की हीटर बिघाड दाखवून बंद पडतो.

तेलाच्या बाबतीत संयम हवा. गंज सोडवण्याचा फवारा मारला की आवाज दोन दिवस जातो आणि मग अधिक कर्कश होऊन परततो, कारण तो पातळ द्रव बुशमध्ये मुरलेले मूळ तेल धुऊन नेतो. बुशला शिलाई मशिनचे एक-दोन थेंब तेल सुईच्या टोकाने द्यावे, पण मोटारीतल्या कार्बन ब्रशपर्यंत (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) ते पोहोचू देऊ नये. सीलबंद बेअरिंग घरघरत असेल तर ते बदलायचेच. आणि शाफ्ट बाजूला हलवल्यावर बोटाला खेळ जाणवत असेल तर मोटार वाइंडिंगवाल्याकडे नेण्यापेक्षा नवी मोटार मागवावी, तीही प्रवासाला निघण्याआधी पोहोचेल अशा बेताने.

परत बसवताना कडक झालेली रबरे बदलावीत, हीटरची पेटी प्लायवूडला थेट टेकणार नाही हे पाहावे आणि गरम हवेच्या नळीचा मार्ग एकदा डोळ्यांखालून घालावा. २ किलोवॉटच्या हीटरला बहुधा ६० मिलिमीटरची आणि मोठ्याला ७५ किंवा ९० मिलिमीटरची नळी लागते. गादीखाली चेपलेली किंवा काटकोनात वळवलेली नळी चांगल्या पंख्यालाही सूं-सूं करायला लावते. जोडणी उलट क्रमाने, म्हणजे आधी बॅटरी आणि मग सोलर, अशी करून प्रथम नुसती हवा चालवावी व जुन्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावी. ज्वलनाची चाचणी मात्र कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू करून, दार उघडे ठेवून घ्यावी, कारण या वायूला वास नसतो. अर्धा तास अलार्म गप्प राहिला तरच त्या गाडीत झोपण्याची परवानगी घरच्यांना द्यावी.