घाट आला की मोबाइल बंद: लांबच्या प्रवासात मुलांना रमवायचं कसं

गाडीत मुलांची करमणूक म्हणजे एके काळी भेंड्या, मैलाचे दगड मोजणं आणि डेकवर पुन्हा पुन्हा वाजणारी तीच कॅसेट. 60 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपायची आणि ती पालटायचा मान मुलांचा. मग वॉकमन आले, पुढच्या सीटच्या पाठीला डीव्हीडीचे पडदे लागले, 2010 नंतर टॅबलेट आले आणि 2016 पासून डेटा स्वस्त झाल्यावर मोबाइल मुलांच्या हातात गेला. खिडकीबाहेरची नजर मांडीवर उतरली, आणि गाडी लागण्याचं मोठं कारण तेच. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळण जाणवतं, डोळ्यांना मात्र स्थिर पडदा दिसतो. दोघांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. हा त्रास 2 ते 12 वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त.

म्हणून करमणूक घड्याळ बघून नको, रस्ता बघून ठरवा. पुण्याहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचं आहे असं धरू. खंबाटकी उतरेपर्यंत पडदा काढूच नका. पुढे उंब्रजपर्यंतचा पट्टा बऱ्यापैकी सरळ आहे, तिथे 40-45 मिनिटांचा व्हिडिओ चालतो. उंब्रजला महामार्ग सोडताना तो बंद. पाटण, कोयनानगर आणि पुढचा घाट यांसाठी गोष्टी ऐकवा किंवा खेळ घ्या. बंद कुठे होणार हे निघण्याआधीच गावाच्या नावानिशी सांगा. ‘थोड्या वेळाने’ म्हटलं की रडारड ठरलेली.

व्हिडिओ आदल्या रात्री घरीच उतरवून ठेवा. छोट्या पडद्याला 480पी पुरतो. मग फोन विमान मोडवर टाकून प्रत्येक व्हिडिओ मिनिटभर चालवून बघा. काही अ‍ॅप पुन्हा लॉगिन मागतात, काहींची मुदत संपलेली असते, आणि हे नेमकं रेंज नसलेल्या डोंगरात कळतं. गाडीतल्या जुन्या यूएसबीतून बहुधा अर्धा अँपिअरच मिळतो, त्यावर टॅबलेटची बॅटरी चार्जिंगला लावूनही उतरत जाते. 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये 2 अँपिअर किंवा त्याहून जास्त देणारा चार्जर लावा. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो. तिथेच पूर्वी कॅसेटी वाकायच्या!

टॅबलेट पुढच्या सीटच्या हेडरेस्टला होल्डरमध्ये घट्ट बसवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मान खाली जात नाही, आणि करकचून ब्रेक लागला तर तो कुणाच्या तोंडावर उडत नाही. हेडफोनचा आवाज 60 टक्क्यांपुढे नको. खेळाच्या भरात मुलं पट्टा सोडतात, तिकडे लक्ष ठेवा. 14 वर्षांखालच्या मुलांना सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट कायद्यानेच बंधनकारक आहे.

आता खेळ. घाटात त्यांना तोड नाही, कारण ते मुलांना बाहेर बघायला लावतात. नंबरपाट्यांचा खेळ 6 वर्षांपासून जमतो. एमएच 12 पुणे, 11 सातारा, 50 कराड, 10 सांगली, 09 कोल्हापूर, 08 रत्नागिरी. हे सहा आकडे कागदावर मोठे लिहून द्या आणि दिसेल तशी खूण करायला सांगा. पुण्यात 12 चा ढीग, साताऱ्याला 11 चा, आणि घाट उतरल्यावर 08 वाढत जातात. जिल्हा बदलल्याचं मुलांना आपोआप कळतं. लहानग्यांना मैलाच्या दगडांचे रंग द्या: डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग.

गावांच्या भेंड्यांत पाटण आणि चिपळूण दोन्ही ‘ण’वर संपतात आणि खेळ अडतो. ‘ण’ आला तर ‘न’, ‘ळ’ आला तर ‘ल’, हे सुरुवातीलाच ठरवून टाका, नाहीतर भांडणं. वेळेचं बंधनही हवं: दहा आकडे मोजेपर्यंत उत्तर.

इतकं करूनही एखाद्याला गाडी लागतेच. निघताना तेलकट नको, इडली किंवा कोरडी पोळी पुरे. उलटीचं औषध डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा-एक तास आधी द्या. मळमळ सुरू झाल्यावर दिलेलं पोटात टिकत नाही. चार प्लास्टिक पिशव्या फुंकून, भोक नाही ना हे बघून, मुलाच्या हाताशी ठेवा, डिकीत नव्हे. सोबत ओला रुमाल, पाणी आणि आलेपाक. मूल अचानक गप्प झालं, जांभया देऊ लागलं, चेहरा पांढरा पडला की खेळ थांबवा, काच खाली करा, लांबचा डोंगर दाखवा आणि जागा मिळताच गाडी बाजूला घ्या.